लिंप मोडमध्ये अडकलेली गाडी: टर्बो बदलण्याआधी काय मोजावे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. दोन लिटरची चार सिलिंडरची टर्बो-डिझेल गाडी सुमारे १,४०,००० किलोमीटर चालली आहे. महिनाभरापूर्वी चढावर जोरात रेस दिली की इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडीची ओढ जायची. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की सगळे पूर्ववत व्हायचे. आता मात्र इंजिन ३००० आरपीएमच्या पुढे जात नाही, बंद-चालू करून उपयोग होत नाही आणि स्कॅनरने कोड (इंजिनच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे क्रमांक) पुसले तरी चार-पाच मिनिटांच्या चालण्यात दिवा परत येतो. कोड दोन आहेत, पी०२९९ आणि पी०१०१. गाडी चालवून बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, मोजला, तो फारच कमी भरला, म्हणून टर्बो बदलावा असे आपल्याला सांगण्यात आले आहे. हा सल्ला मानावा का, असे आपण विचारले आहे.

अजून मानू नये. टर्बो निकामी झालाच नसेल असे माझे म्हणणे नाही; पण तो निकामी ठरवण्यासाठी दिलेला पुरावा चुकीच्या वेळी घेतलेला आहे. गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे दोष दिसल्यावर इंजिनला जपण्यासाठी ताकद कमी ठेवणाऱ्या अवस्थेत, गेली की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंधन कमी करतो आणि बहुतेक डिझेल इंजिनांत टर्बोचे नियंत्रण सोडून देतो, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या धुराचा जोर ठरवणारी पाती उघडी राहतात आणि बूस्ट जेमतेम तयार होतो. या अवस्थेत मोजलेला कमी बूस्ट हा बिघाडाचा पुरावा नसून ईसीयूने दिलेल्या आज्ञेचा परिणाम असतो. या एका गोंधळापायी चांगले टर्बो उतरवले गेलेले मी अनेकदा पाहिले आहेत. उपयोगाचे आकडे मिळतात ते कोड पुसल्यानंतर दिवा परत लागेपर्यंतच्या त्या चार-पाच मिनिटांत. आपली सगळी तपासणी त्या मिनिटांभोवती आखायला हवी.

पी०२९९ म्हणजे ईसीयूने जेवढा दाब मागितला तेवढा ठरावीक वेळेत मिळाला नाही. पी०१०१ म्हणजे हवेचे वजन मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरचा आकडा, ईसीयूने इतर सेन्सरांवरून बांधलेल्या अंदाजाशी जुळला नाही. दोन्ही कोड तफावत सांगतात, कोणता भाग तुटला ते सांगत नाहीत. ईसीयूला तुटलेला पाइप दिसत नसतो. त्याला फक्त न जुळणारा हिशेब दिसतो.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणी साठवलेली माहिती, कागदावर उतरवून घ्यावी, कारण पुसताना तीही जाते. त्यात इंजिनचा वेग, गाडीचा वेग, लोड आणि पाण्याचे तापमान असते. पी०२९९ जर २२०० आरपीएम आणि ९० टक्के लोडला नोंदला असेल तर भाराखालचा दोष शोधायचा. तोच जर आयडलच्या, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असतानाच्या वेगाच्या, आसपास नोंदला असेल तर सेन्सर किंवा वायरिंगकडे आधी पाहायचे. कोड किती वेळात परत येतो हेही तितकेच बोलके असते. इग्निशन चालू करताच, इंजिन सुरू होण्याआधीच कोड परत आला, तर बहुधा एखादे सर्किट तुटलेले किंवा शॉर्ट झालेले असते. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांनी आला, तर दोन सेन्सरांची साक्ष जुळत नसते. गाडी ओढायला लावल्यावरच आला, तर हवा, इंधन किंवा धूर यांच्या वाटेत काहीतरी खरोखर कमी पडत असते. आपली गाडी या तिसऱ्या गटातली दिसते. पूर्वी चढावरच दिसणारा दोष आता साध्या चालण्यात दिसू लागला आहे, यावरून तो हळूहळू वाढत गेलेला आहे. फाटत जाणारा पाइप किंवा टर्बोची पाती हलवणाऱ्या व्हॅक्यूमची (हवेच्या ओढीची) गळती अशीच वाढते.

बॅटरीची तपासणी दोन मिनिटांची आहे, ती आधी उरकावी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आणि स्टार्टर फिरताना ९.६ व्होल्टच्या खाली नाही, एवढे पुरे. अलीकडच्या काही गाड्यांत स्मार्ट चार्जिंगमुळे चालू इंजिनला यापेक्षा कमी-जास्त आकडा दिसू शकतो. तो दोष समजू नये.

यानंतर इग्निशन चालू, पण इंजिन बंद, या स्थितीत स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे, पाहावा. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने या वेळी बाहेरच्या हवेइतकाच दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, एक हजार मीटर उंचीवर सुमारे ९०. तो जर ७५ दाखवत असेल तर बूस्ट कमी नाही, मोजमाप खोटे आहे आणि टर्बोचा विषय तिथेच संपतो. धुरातली काजळी अडवणाऱ्या डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक या वेळी शून्य असायला हवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे, इनटेक हवेचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान एकमेकांपासून चार-पाच अंशांच्या आत असायला हवे. ही तपासणी फुकट आहे आणि म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

आता मुख्य भाग. मॅप आणि मास एअरफ्लो हे दोन आकडे वेगवेगळे न वाचता जोडीने वाचावेत, कारण ते एकाच हवेची दोन ठिकाणी घेतलेली मापे आहेत: एक टर्बोत शिरण्याआधीचे, दुसरे सिलिंडरच्या तोंडाशी. आपल्या इंजिनचा प्रत्येक सिलिंडर अर्ध्या लिटरचा आहे. सामान्य दाबाला आणि तापमानाला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते, म्हणजे अर्ध्या लिटरचे ०.६ ग्रॅम, सिलिंडर पूर्ण भरत नाही हे धरले तर दर ओढीला सुमारे ५०० मिलिग्रॅम हवा आत जाते. मॅप १०० ऐवजी २०० किलोपास्कल झाला की तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट हवा बसते; दाबलेली हवा गरम असल्यामुळे आकडा हजाराच्या थोडा खाली राहतो. साधा स्कॅनर हवा मिलिग्रॅमऐवजी ग्रॅम प्रति सेकंदात दाखवतो. २००० आरपीएमला चार सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे ६७ वेळा हवा ओढतात, तेव्हा दर ओढीला १००० मिलिग्रॅम म्हणजे सेकंदाला ६७ ग्रॅम असे रूपांतर करून घ्यावे. (अशा स्कॅनरच्या सर्वसाधारण डेटामध्ये मॅपचा आकडा बहुधा २५५ किलोपास्कलच्या पुढे जात नाही. तो तिथे अडकलेला दिसला तर घाबरू नये, ती मोजपट्टीची मर्यादा आहे.)

हा हिशेब हाताशी ठेवून कोड पुसावेत, इंजिन गरम करावे, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबावे आणि स्कॅनरवर चार ओळी नोंदवाव्यात: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, हवेचे वजन आणि टर्बो ॲक्च्युएटरला (टर्बोची पाती हलवणाऱ्या भागाला) दिलेली आज्ञा. चालवणाऱ्याने स्कॅनरकडे पाहू नये. ते काम शेजारी बसलेल्याचे.

समजा २००० आरपीएमला मागणी २२० किलोपास्कलची आहे, मिळतात १४० आणि हवेचे वजन मात्र ९५० मिलिग्रॅम दिसते. १४० किलोपास्कलला ७०० मिलिग्रॅमच्या आसपास हवा बसते. मग उरलेले अडीचशे कुठे गेले? ते टर्बो आणि इंजिनच्या मधल्या वाटेवर बाहेर पडले. इथे टर्बो हवा देत आहे, किंबहुना गरजेपेक्षा जास्त देत आहे, आणि पाइप ती गळवत आहे. ईसीयूने हवेच्या वजनावरून इंधन दिल्यामुळे सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि फुसफुस आवाजही ऐकू येतो, मात्र पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर तो धूर गिळून टाकतो आणि ही खूण मिळत नाही. पी०२९९ आणि पी०१०१ जोडीने येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, म्हणून आपल्या गाडीत मी पहिला संशय यावरच घेईन.

दुसरी शक्यता: मॅप १३० आणि हवा ६२० मिलिग्रॅम. दोन्ही आकडे कमी आहेत, पण एकमेकांशी जुळतात. गळती नाही, हवा दाबलीच जात नाही. आता टर्बोची पाती, त्यांचा ॲक्च्युएटर, त्याचे व्हॅक्यूम, चोंदलेला एअर फिल्टर आणि तुंबलेला एग्झॉस्ट यांकडे वळावे.

तिसरी शक्यता: मॅप १५० आणि हवा ४५० मिलिग्रॅम. सिलिंडरमध्ये दाब आहे, पण तेवढी ताजी हवा मोजली गेलेली नाही. एक तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकून धूर आत येत आहे, किंवा मास एअरफ्लो सेन्सर मळून कमी मोजत आहे, किंवा त्या सेन्सरनंतर आणि टर्बोच्या आधी पाइपला भेग असून न मोजलेली हवा शिरत आहे. आयडलला ईजीआर बंद ठेवण्याची आज्ञा स्कॅनरमधून देऊन पाहावी. हवा ४५० ते ५०० मिलिग्रॅमपर्यंत चढली तर व्हॉल्व्ह बंद होतो आणि सेन्सरही ठीक आहे. २५० ते ३०० वरच राहिली तर व्हॉल्व्ह उतरवून डोळ्यांनी पाहावा.

पहिली शक्यता खरी ठरली तर गळती शोधण्यासाठी इंटरकूलरकडे (टर्बोने दाबून गरम झालेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारे आणि तिथून येणारे रबरी होज पाहावेत. भेग बहुधा होजच्या खालच्या बाजूला किंवा क्लिपखाली असते आणि वरून होज नवा दिसतो. इंजिन बंद असताना तेलकट, धूळ धरलेला डाग शोधावा, होज दोन्ही हातांनी पिळावा आणि क्लिप काढून आतला थर पाहावा. याने निभले नाही तर स्मोक मशिनने धूर भरावा, किंवा टर्बोच्या तोंडाला बूच बसवून अर्धा ते एक बार दाबाची हवा भरून साबणाचे पाणी मारावे. त्याहून जास्त दाब देऊ नये, बूच उडून इजा होते. गळती तशीच ठेवून नवा टर्बो बसवला तर दाबाची मागणी पुरी करण्यासाठी ईसीयू त्याला मर्यादेपलीकडे फिरवत राहतो आणि नवा टर्बोही लवकर खराब होऊ शकतो.

दुसरी शक्यता असेल तर ॲक्च्युएटरचा दांडा पाहावा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बहुतेक टर्बोंमध्ये इंजिन सुरू होताच दांडा खेचला जातो आणि बंद करताच परत येतो. हातपंप लावून सावकाश व्हॅक्यूम द्यावे: दांडा सुमारे एक ते दीड सेंटिमीटर, कुठेही न अडखळता सरकायला हवा आणि पंप थांबवल्यावर निदान मिनिटभर जागेवर राहायला हवा. सावकाश परत येत असेल तर डायफ्रॅम फाटला आहे. मध्येच अडकून झटक्याने सुटत असेल तर पात्यांवर काजळी बसली आहे. अशा गाडीत बूस्ट जास्त झाल्याचा पी०२३४ हा कोडही अधूनमधून येतो. हातपंपाने दांडा उत्तम चालतो, पण इंजिन चालू असताना हलत नाही, तर दोष टर्बोत नसून ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम देणारा विजेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या व्हॅक्यूम नळीत आहे. ही नळी गरम भागावर टेकून वितळलेली किंवा टोकाशी चिरलेली सापडते. ब्रेकचा बूस्टर बहुधा त्याच व्हॅक्यूम पंपावर असतो, त्यामुळे ब्रेकही कडक लागत असतील तर पंपापासून सुरुवात करावी. ॲक्च्युएटर इलेक्ट्रिक असेल तर ही हातपंपाची चाचणी लागू नाही. तिथे स्कॅनरमधून ॲक्च्युएटर टेस्ट करावी. दांड्याच्या टोकाचा स्टॉप स्क्रू फिरवण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा.

पार्टिक्युलेट फिल्टरबद्दल वेगळे लिहितो, कारण खरा दोष दुरुस्त होऊनही गाडी अडकून राहण्याचे तो एक मोठे कारण आहे. बूस्ट किंवा ईजीआरचा दोष नोंदलेला असेपर्यंत बरेच ईसीयू फिल्टरची आपोआप होणारी सफाई, म्हणजे रीजनरेशन, रोखून धरतात. महिनाभर अशी गाडी चालली की काजळी साठत जाते आणि शेवटी काजळी फार झाल्याचा पी२४६३ हा कोड येतो. आता होज बदलला तरी गाडी लिंप मोडमध्येच राहते आणि होजचे निदान चुकले असे सगळ्यांना वाटते. आपल्या गाडीत तो कोड अजून नाही, तरी दाबातला फरक पाहून ठेवावा: स्वच्छ फिल्टरला आयडलवर तो सहसा दहा-पंधरा मिलिबारच्या आत असतो. रीजनरेशनमध्ये फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. काजळी उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपलीकडे असताना सक्तीने ते सुरू केले तर फिल्टर आतून तडकतो किंवा वितळतो. म्हणून आधी काजळीचा आकडा वाचावा. डिपस्टिकवर तेलाची पातळी वर गेलेली दिसली तर अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमधले डिझेल तेलात उतरले आहे, तेव्हा तेल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लिंप मोडचे कारण नेहमी हवेतच असते असे नाही, आणि एक प्रकार असा आहे की ज्यात भाग बदलून काहीही साधत नाही. ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि पुष्कळ गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो. हे गुणोत्तर बिघडले की पी२१३८ येतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत पेडल दोनदा बदलून झाले होते. पेडल सोडलेले असताना पहिला सेन्सर ०.८० व्होल्ट दाखवत होता, म्हणजे दुसऱ्याने ०.४० दाखवायला हवे होते, तो ०.५५ दाखवत होता. पेडल पूर्ण दाबले की मात्र गुणोत्तर जवळजवळ जुळत होते. खाली फरक जास्त आणि वर कमी, ही अर्थिंगच्या वाटेतल्या रोधाची खूण आहे. कनेक्टर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने पिना लावून, दोन्ही सेन्सरांची अर्थ वायर बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजली. एकीवर ०.०२ व्होल्ट आले, दुसरीवर ०.१६. कनेक्टर उघडला तर त्या एकाच पिनेवर हिरवट गंज होता. समोरच्या काचेच्या कडेने पाणी झिरपून पायाशी येत होते. पिन बदलली, काचेची गळती बंद केली, आणि पहिले पेडल परत बसवले. ते आजही चालत असावे, कारण गाडी परत आली नाही.

याच कुळातला आणखी एक दोष ध्यानात ठेवावा. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार सेन्सरांचे कोड एकदम आले तर सगळे सेन्सर एकाच दिवशी बिघडले असे मानू नये. त्यांना मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा बहुधा सामाईक असतो आणि एक शॉर्ट झालेला सेन्सर तो सगळ्यांसाठी खाली ओढतो. पी०६४१ हा कोड त्याचीच सूचना देतो. मीटर त्या वायरवर ठेवून एकेक सेन्सर सोडवत जावे, ज्याच्या सुटण्याने पाच व्होल्ट परत आले तो दोषी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत पी०७०० दिसला तर तो केवळ निरोप आहे. खरा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये वाचावा लागतो.

टर्बो खरोखर दोषी केव्हा मानावा? गळती नाही, व्हॅक्यूम आणि दांडा ठीक आहे, एग्झॉस्ट मोकळा आहे, कोड पुसल्यानंतरच्या मिनिटांत ॲक्च्युएटरला पुरेपूर आज्ञा जात आहे आणि तरीही मॅप व हवा दोन्ही कमी आहेत, तेव्हा. मग इनटेकचा पाइप काढून कंप्रेसरच्या चाकाची पाती पाहावीत आणि शाफ्ट हलवून पाहावा. किंचित आडवी हालचाल बहुतेक टर्बोंत असतेच. चाक घराला घासले असेल, शाफ्ट पुढे-मागे स्पष्ट जाणवेल इतका हलत असेल किंवा पाती झिजली असतील तर टर्बो बदलावा. तसे करताना त्याची तेलाची नळीही बदलावी आणि इंटरकूलरमधले तेल काढावे.

तोपर्यंत गाडी हळू चालवून गॅरेजपर्यंत नेण्यास सहसा हरकत नसते. लिंप मोड त्यासाठीच आहे. ऑइलचा लाल दिवा, तापमानाचा काटा वर जाणे, निळा धूर किंवा इंजिनमधून ठोके यांपैकी काही असेल तर मात्र ओढूनच न्यावी.

दुरुस्तीनंतर कोड पुसावेत, बदललेल्या भागाला लागणारे लर्निंग किंवा अडॅप्टेशन, म्हणजे ईसीयूला त्या भागाची ओळख करून देणे, स्कॅनरमधून करावे आणि फ्रीझ फ्रेममध्ये उतरवलेल्या त्याच परिस्थितीत, त्याच आरपीएमला आणि त्याच लोडला गाडी पुन्हा ओढून पाहावी. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट सुरुवातीचा क्षणभर वगळता दहा किलोपास्कलच्या आसपास जुळला आणि हवेचे वजन वरच्या हिशेबात बसले, तर काम झाले. पहिल्या फेरीची नोंद आणि ही नोंद आपण पाठवल्यात, तर दोन्ही शेजारी ठेवून मी पुढचे सांगू शकेन.